नडगी कच्ची नसते

सुरतेहून मुंबईकडे निघालं की उधना, भेस्तान आणि मग सचिन. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्याच्या एका शाखेला 1791 मध्ये मिळालेलं हे जुनं संस्थान. आज त्याची ओळख जीआयडीसीची औद्योगिक वसाहत, लूमची खाती आणि डाइंगच्या मिल अशी आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा ते सचिन या सगळ्या पट्ट्यात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं राहतात. त्यांच्या घरात मोठी होणाऱ्या मुलामुलींना कारखान्याच्या दारातून बाहेर नेणारा जो एक रस्ता दिसतो, तो भरतीचा. गुजरात पोलिसांच्या लोकरक्षक भरतीत मुलांना 5 किलोमीटर 25 मिनिटांत आणि मुलींना 1600 मीटर साडेनऊ मिनिटांत पळावं लागतं. निमलष्करी दलांच्या शिपाई भरतीत मुलांना तेच 5 किलोमीटर 24 मिनिटांत संपवायचे असतात. महाराष्ट्राचा रहिवासी दाखला असलेली मुलं नंदुरबार-धुळ्याला जाऊन 1600 मीटर पळतात, आणि तिथे पूर्ण 20 गुण हवे असतील तर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत यावं लागतं. जाहिरात निघाली की पहाटेचे रस्ते या मुलांनी भरतात, आणि तीन-चार आठवड्यांत त्यातल्या अनेकांची नडगी दुखू लागते. मग त्यांना एक ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं: हाडं कच्ची आहेत, दुखलं तरी पळत राहा, आपोआप पक्की होतील. हे वाक्य चूक आहे, आणि ज्यांच्या आयुष्यात भरतीची एकच संधी असते त्यांच्यासाठी ते घातक आहे, असं माझं म्हणणं आहे.

या वाक्यात थोडं सत्य आहे, म्हणूनच ते इतकं टिकलं. हाड दगडासारखं निर्जीव नसतं. भार पडेल तसं ते स्वतःला घडवतं. जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी हा नियम 1892 मध्ये ग्रंथरूपाने मांडला आणि तो मोघमपणे आजही खरा मानला जातो. पळणाऱ्याचं हाड कालांतराने मजबूत होतं यात वाद नाही. वाद आहे तो 'कालांतराने' या शब्दाच्या अर्थाबद्दल. भार वाढला की हाडात अतिसूक्ष्म भेगा पडतात. त्या बुजवण्यासाठी शरीर आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवं हाड भरतं. घराची ओल आलेली भिंत दुरुस्त करताना गवंडी आधी प्लास्टर खरवडतो, तसंच. हे खरवडणं दोन-तीन आठवड्यांत उरकतं. भरणं, म्हणजे नव्या हाडाला खनिजाचा कठीणपणा येणं, याला जवळपास तीन महिने लागतात. म्हणून सराव सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यापासून पुढचे काही आठवडे नडगीचं हाड पहिल्या दिवसापेक्षा थोडं अशक्त असतं. पोरगं पळायला सरावलेलं, दम वाढलेला, घड्याळातली वेळ कमी होत चाललेली, आणि हाड मात्र पोखरलेल्या अवस्थेत. छाती आणि स्नायू लवकर तयार होतात, हाड मागे राहतं. दुखणं नेमकं याच काळात का सुरू होतं याचं उत्तर इथे आहे. त्या मुलाचं हाड जन्मतः कच्चं नसतं. ते दुरुस्तीला काढलेलं असतं, आणि दुरुस्ती चालू असतानाच त्यावर भार टाकला जातो.

भार किती, हेही मोजून पाहावं. 25 मिनिटांत 5 किलोमीटर पळताना साधारण चार हजार पावलं पडतात, म्हणजे एकेका पायावर दोन हजार. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट दाब परत येतो; 60 किलोच्या मुलासाठी तो दीडशे किलोच्या आसपास धरा.  नडगीचं हाड गुडघ्याखाली रुंद आणि खाली घोट्याकडे येताना निमुळतं होत जातं, आणि धावताना ते प्रत्येक पावलाला किंचित वाकतं. त्याची आतली बाजू तर निव्वळ कातडीखाली असते. तिच्यावर स्नायूची गादीच नाही. हे वाकणं आवरण्याचं काम पोटरीचे स्नायू करतात. पोटरी ताजी असेल तर धक्क्याचा मोठा वाटा ती गिळते. पोटरी थकली की तोच धक्का हाडाकडे जातो. म्हणून दमलेल्या पायांनी काढलेला शेवटचा एक किलोमीटर हाडाला पहिल्या दोन किलोमीटरपेक्षा महाग पडू शकतो. दुखत असताना पळत राहण्याचा सल्ला हाडाला हाच महागडा किलोमीटर रोज काढायला लावतो.

हे नवं ज्ञान नाही. 1855 मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब पल्ल्याच्या कवायतीनंतर सैनिकांचे पाय सुजतात याची नोंद केली. एक्सरेचा शोध लागल्यावर, 1897 मध्ये, त्या सुजेमागे पावलाच्या लांब हाडांना गेलेला तडा असतो हे दिसून आलं. पण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा पुरावा इस्रायली सैन्याचा आहे. तिथे 1980 च्या दशकात 295 नव्या जवानांवर बारीक लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा त्यातल्या 31 टक्क्यांना प्रशिक्षणात हाडाचे तडे गेल्याचं आढळलं. ती मुलं निवडून घेतलेली, धडधाकट होती. कच्चं म्हणून बाजूला काढावं असं त्यांत कुणी नव्हतं. पुढची पंचवीस वर्षं तिथल्या डॉक्टरांनी निरनिराळे उपाय करून पाहिले, बूट बदलण्यापासून पुष्कळ काही, आणि 2008 मध्ये मिलग्रोम आणि फाइनस्टोन यांनी त्याचा लेखाजोखा मांडला. तड्यांचं प्रमाण निम्म्याहून जास्त खाली आलं ते दोन गोष्टी एकत्र केल्यावर: एकूण चालण्या-पळण्याचं अंतर कमी केलं, आणि रात्री किमान सहा तास झोप सक्तीची केली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या, त्यामुळे नुसत्या झोपेचा वाटा किती हे त्यातून वेगळं काढता येत नाही. हे कबूल करायला हवं. पण लॉस एंजेलिसमधल्या शाळकरी खेळाडूंच्या 2014 च्या पाहणीत आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता 1.7 पट निघाली. तो आकडा फक्त संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. तरी दोन अगदी वेगळ्या ठिकाणचे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात, हे दुर्लक्षून चालणार नाही.

आता हा पुरावा सचिनला आणून पाहा. लूमच्या खात्यात पाळी बारा तासांची असते. बारा तास सिमेंटच्या फरशीवर उभं राहून यंत्रांमधून येरझारा. रात्रपाळी करणारं पोरगं सकाळी सातला सुटतं. ते त्याच पायांनी सरळ पळायला उतरतं, नाहीतर दिवसा पत्र्याच्या गरम खोलीत चार-पाच तास पडतं आणि संध्याकाळी पुन्हा पाळीवर जाण्याआधी पळतं. त्याच्या नडगीला दुरुस्तीसाठी वेळ मिळतो कधी? पोटरी बारा तास उभी राहून आधीच शिणलेली, झोप तुटक, आणि वर डांबरी रस्ता. अशा मुलाला 'तुझ्यात दम नाही' म्हणणं अन्यायाचं आहे. त्याच्यात दम असतो, म्हणून तर तो बारा तासांच्या पाळीनंतर पळायला उतरतो. त्याच्याकडे कमी असते ती विश्रांती, आणि हाडाला तीच लागते. सधन घरातला मुलगा तेवढंच पळून, आठ तास झोपून, दूध-अंडी खाऊन ज्या आठवड्यात पक्का होतो, त्याच आठवड्यात या मुलाच्या हाडाला तडा जातो. आणि मग तो तडा त्याच्या लायकीचा पुरावा मानला जातो.

यावर जाणकार माणूस एक आक्षेप घेईल, आणि तो हलका नाही. अंतर हळूहळू वाढवा, आठवड्याला 10 टक्क्यांहून जास्त नको, हा नियम सगळीकडे सांगितला जातो. पण 2008 मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन इथे नवख्या धावणाऱ्यांच्या दोन गटांवर तो तपासला गेला तेव्हा तेरा आठवडे हळूहळू वाढवणाऱ्यांत आणि आठ आठवड्यांत वाढवणाऱ्यांत दुखापतीचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, दोन्हीकडे साधारण पाचात एक. मग सांभाळून पळण्याचा उपयोग काय? तो प्रयोग खरा आहे आणि 10 टक्क्यांचा आकडा पवित्र नाही हे त्यातून नक्की कळतं. पण त्या दोन्ही गटांतली माणसं आठवड्यातून तीनच दिवस पळत होती. मधले दिवस दोघांनाही मिळत होते. आपल्याकडे सकाळ-संध्याकाळ रोज पळणाऱ्या, आणि रोजच वेळ लावून ट्रायल देणाऱ्या मुलांशी त्यांची तुलना होत नाही. उलट मला त्या प्रयोगातून हेच दिसतं की मधला दिवस सांभाळला तर वाढ थोडी लवकर केली तरी फार बिघडत नाही. 25 मिनिटांत 5 किलोमीटर म्हणजे किलोमीटरला पाच मिनिटं. निरोगी विशीतल्या मुलाला हा वेग गाठायला रोज जिवावर उदार होऊन पळावं लागत नाही. आठवड्यातून तीन-चार दिवस, त्यातले बहुतेक बोलता येईल इतक्या सावकाश चालीचे आणि एकच दिवस वेगाचा, असं काही महिने केलं तर तो येतो. रोजची ट्रायल शरीर घडवत नाही. आज शरीर किती शिणलंय, एवढंच ती मोजते.

दुसरा आक्षेप जास्त भावनेचा असतो. गावाकडची पोरं अनवाणी पळायची, त्यांना कुठे काय व्हायचं? कविता राऊतचं नाव हमखास घेतलं जातं. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची ही मुलगी डोंगरवाटांवर वाढली आणि 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10 हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. तिच्याबद्दल आदर वाटतो म्हणूनच तिच्या उदाहरणाचा असा वापर खटकतो. लहानपणापासून चढउतारावर वावरलेल्या पायाला भार वर्षानुवर्षं थोडा थोडा मिळालेला असतो. तिच्या हाडांची दुरुस्ती शाळेच्या वयातच कितीतरी वेळा पूर्ण झालेली असणार. सचिनमधला मुलगा मात्र जाहिरात निघाल्यावर पहिल्यांदा पळायला लागतो. शिवाय डोंगरवाटेवर पळून मोठी झालेली एक आपल्याला दिसते. पाय धरून घरी बसलेल्या किती, त्याची कुणी मोजदाद केलेली नाही. अनवाणी पळण्याची नक्कल करणाऱ्या पातळ बुटांकडे घाईने वळलेल्या धावपटूंच्या पावलांची एमआरआय तपासणी झाली आहे; दहा आठवड्यांत त्यातल्या बऱ्याच जणांच्या हाडांत सूज आढळली होती. पण याचा अर्थ महागडे बूट घ्या असाही नाही, आणि दुकानदारांनी इथे खूश होऊ नये. अमेरिकी सैन्यदलांत पायाची कमान पाहून प्रत्येकाला वेगळा बूट देऊन पाहिला, दुखापती कमी झाल्या नाहीत. ऑस्ट्रेलियात 1538 जवानांपैकी निम्म्यांकडून पळण्याआधी स्नायू ताणून घेतले, त्यानेही लक्षणीय फरक पडला नाही. बूट धड असावा, फाटका नसावा, पायाला बसावा. आठ हजारांचा बूट झोपेची जागा घेत नाही.

नडगी दुखली की आपल्याकडे काय करतात? गरम पाण्याची बाटली नडगीवर दाबून फिरवतात, मालिशवाल्याकडे जातात, स्प्रे मारतात, आणि ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, जवळ आलं असेल तर पेनकिलर घेऊन पळतात. गोळी दुखणं झाकते, तडा तिथेच राहतो. बाटली फिरवण्याआधी पाच मिनिटं काढून अंगठ्याने पाहावं. खुर्चीवर बसायचं, मोजा खाली करायचा, आणि घोट्याच्या आतल्या हाडापासून सुरुवात करून नडगीच्या आतल्या कडेने अंगठा बोटभर बोटभर वर सरकवत दाबत जायचं. चार-पाच बोटांच्या पट्ट्यात सगळीकडे सारखं दुखत असेल, पळायला लागल्यावर दुखतं आणि अंग गरम झाल्यावर कमी होतं असा अनुभव असेल, तर बहुधा हाडाच्या वरच्या आवरणाची आणि त्याला धरून असलेल्या स्नायूंची कुरबुर आहे. पळणं निम्म्यावर आणून, पोटरीचा व्यायाम करून, मधले दिवस वाढवून ती साधारणपणे शांत होते. पण अंगठा एका रुपयाएवढ्या जागेवर आला आणि तिथे जीव कळवळला, त्या पायावर एकट्याने उडी मारवत नसेल, दुखणं पळताना वाढत जात असेल किंवा रात्री अंथरुणातही ठणकत असेल, तर तो तडा आहे असंच धरून चालावं आणि त्या दिवसापासून पळणं थांबवावं. इथे आणखी एक फसगत होते. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्सरेत बहुधा काहीच दिसत नाही. एक्सरे साफ आला म्हणून मुलाला नाटकी ठरवून पुन्हा पळवलं जातं. एक्सरे साफ आहे एवढ्याने हाड साफ ठरत नाही. शंका असेल तर अस्थितज्ज्ञ एमआरआय सांगतात, आणि तो परवडत नसेल तर दोन-तीन आठवडे थांबून एक्सरे पुन्हा काढणं हा निदान सुरक्षित मार्ग आहे.

सगळे तडे सारखे नसतात. नडगीच्या आतल्या कडेचा तडा काही आठवड्यांच्या विश्रांतीत भरून येतो. नडगीच्या समोरच्या भागातला, पावलाच्या मधल्या होडीच्या आकाराच्या हाडातला आणि करंगळीच्या मुळाशी जाणाऱ्या लांब हाडातला तडा हट्टी असतो. पण सगळ्यात धोक्याचा तो खुब्यातला. मांडीच्या हाडाचा गोळा एका आखूड मानेवर बसलेला असतो आणि शरीराचं सगळं वजन त्या मानेतून खाली जातं. तिथे तडा गेला तर दुखतं जांघेत, म्हणून पोरं म्हणतात 'जांघेत नस ओढली' आणि शेक घेऊन पळत राहतात. मानेच्या खालच्या बाजूचा तडा प्रत्येक पावलाला दाबला जातो. वरच्या बाजूचा प्रत्येक पावलाला उघडतो. तो उघडत उघडत मान सरकली तर गोळ्याला जाणारं रक्त तुटू शकतं आणि विशीतल्या मुलाचा खुबा कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून जांघेतलं जे दुखणं पाय टेकताना होतं आणि विश्रांतीने थांबतं, त्याला दुसरं कारण सापडेपर्यंत पळणं पूर्ण बंद. इथे मी कुणाचाही आक्षेप ऐकून घ्यायला तयार नाही.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ती दबक्या आवाजातही बोलली जात नाही. सराव वाढला, खाणं तेवढंच राहिलं किंवा वजन उतरावं म्हणून कमी केलं, आणि मासिक पाळी लांबली किंवा थांबली, तर ते हाडं झिजू लागल्याचं लक्षण असू शकतं. पाळी गेली म्हणजे सराव चांगला चाललाय, हा समज हाडाच्या मुळावर येणारा आहे. अमेरिकी नौदलात भरती झालेल्या 5201 मुलींच्या अभ्यासात कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलेल्या गटात तडे सुमारे 20 टक्क्यांनी कमी निघाले. आधी पोटभर जेवण, मग गोळ्या. आणि पाळी थांबली तर आधी डॉक्टर, मग ग्राउंड.

शेवटचा आक्षेप सगळ्यात खरा आहे, आणि तो खुद्द मुलांचा आहे. भरतीची तारीख कुणासाठी थांबत नाही, खात्याचा मालक पाळी बदलून देत नाही, मग ही सगळी शहाणपणाची बोलणी कुणासाठी? माझं पहिलं उत्तर असं की तारीख आणि अंतर माणसांनी ठरवलेलं असतं. जून 2014 मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या 5 किलोमीटर धावण्यात उमेदवारांचे जीव गेले आणि त्यानंतर महाराष्ट्राने ते अंतर कमी केलं. अंतर बदलता येतं, तर जाहिरात आणि मैदानी चाचणी यांच्यात निदान चार महिन्यांचं अंतर ठेवून तारीख आधी जाहीर करता का येत नाही? हाड भरायला लागणारा वेळ सरकारी परिपत्रकाने कमी होत नाही, तेव्हा परिपत्रकानेच त्याच्याशी जुळवून घ्यायला हवं. मराठी मंडळांनी आणि भरतीची तयारी करून घेणाऱ्यांनी ही मागणी लेखी करावी.

आणि तोवर, कारखान्यातली पाळी सुटणार नाही असं धरूनच, सराव बदलता येतो. जाहिरातीची वाट न पाहता, महिने आधी, आठवड्यातून तीन दिवस सावकाश पळणं सुरू ठेवावं, म्हणजे तारीख येईल तेव्हा हाडाची पहिली दुरुस्ती उरकलेली असेल. रात्रपाळीच्या आठवड्यात पाळीवरून सुटून थेट रस्त्यावर उतरू नये. झोपून उठल्यावर, काही खाऊन, संध्याकाळी पळावं, आणि तेही वेगाचं नको. ट्रायल महिन्यातून दोनदा पुरे. डांबरापेक्षा मातीचं मैदान मिळालं तर उत्तम. सुरतजवळच्या डुमसच्या किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी भरती-ओहोटी पाहून ओल्या, सपाट पट्ट्यावर पळावं, उतरत्या वाळूवर एक पाय सतत वर आणि एक खाली ठेवून नव्हे. आणि पहाटे हजेरी घेताना सराव घेणाऱ्या उस्तादांनी वेळ विचारण्याआधी प्रत्येकाला एवढंच विचारावं, की काल किती तास झोपलास. उत्तर चार आलं तर त्या दिवशी त्या पोराने मैदानाला चालत फेऱ्या माराव्यात आणि घरी जाऊन झोपावं.